कुठल्या जहाजाला सांगायचा हा शब्द?

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-अरबी शब्दकोश आहे. निदान लोक तसे म्हणतात. मला स्वतःला खात्री नाही, कारण माझी सुरुवातीची अकरा पाने केव्हाच गळून गेली आणि त्यांच्याबरोबर माझे नाव, माझ्या छापखान्याचे नाव आणि माझे जन्मसालही गेले. पाठीवर काही लिहिलेले असावे, तर तिथे शिडाच्या जाड कापडाची पट्टी शिवलेली आहे. पोटात हजारो शब्द आहेत, पण कोणी माझेच नाव विचारले तर मी गप्प बसतो.

'सुरुवातीची पाने' म्हणालो खरे, पण त्यातही घोळ आहेच. इंग्रजी डावीकडून उजवीकडे चालते, अरबी उजवीकडून डावीकडे. माझ्या प्रत्येक ओळीत दोघी समोरासमोरून येतात आणि अरुंद बोळात दोन हातगाड्या अडकाव्यात तशा मधोमध थांबतात. इंग्रजी वाचणारा मला ज्या बाजूने उघडतो, ती अरबी वाचणाऱ्याच्या लेखी शेवटची बाजू. मग गळाली ती माझी पहिली पाने की शेवटची? इतकी वर्षे झाली, पण मला अजून नीट सांगता येत नाही.

माझी खरी समज सुरू होते ती सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट सैदमध्ये, रय्यस शहाता यांच्या होडीत. होडीवाल्या माणसाला आमच्याकडे मानाने रय्यस म्हणतात. शहाता बंबूती होते. कालव्यात शिरण्याआधी मोठी जहाजे बंदरात थांबत, तेव्हा लहान होड्या घेऊन त्यांच्या अंगाला जाऊन भिडणारे आणि दोराला बांधलेल्या टोपलीतून माल विकणारे ते बंबूती. चामड्याच्या बैठका, पितळी ताटल्या, लाकडी उंट, अंजिरे, जे मिळेल ते टोपलीत जाई. या लोकांचा एक नियम होता. आधी माल वर जायचा, मग मोबदला खाली यायचा. वरचा माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, काही ठाऊक नसे. पण वर गेलेली टोपली परत यायलाच हवी, हे सगळ्या बंदरात पाळले जाई.

शहातांनी मला एका ग्रीक पुस्तकविक्याकडून एका चामड्याच्या बैठकीच्या बदल्यात घेतले. घरी नेल्यावर त्यांची बायको नफीसा हिने मला हातात तोलून पाहिले.

"अहो, बैठकीवर बसता तरी येत होतं. याच्यावर काय बसणार?"

"यावर बसायचं नसतं गं. याच्यात शब्द आहेत. ज्याला जास्त शब्द येतात, त्याची टोपली आधी वर जाते."

"आणि त्यात मासे किती आहेत?"

 दुसऱ्या दिवशी मला मेणकापडात गुंडाळून शहाता होडीत घेऊन गेले आणि तिथेच माझी पहिली फजिती झाली. माझ्यात अर्थ होते, पण आवाज नव्हता. माझ्या छापखान्याने शब्दांचे उच्चार छापलेच नव्हते. साध्या शब्दांचे चालून जाते हो. पण समुद्रावरचे इंग्रजी शब्द मोठे लबाड. खलाशांच्या म्होरक्याला लिहायचे 'बोटस्वेन' आणि म्हणायचे 'बोसन'. जहाजाच्या पुढच्या टोकाला लिहायचे 'फोरकॅसल' आणि म्हणायचे 'फोक्सल'. शहातांनी माझ्यात जसे लिहिले होते तसेच एका जहाजाला ओरडून सांगितले, तर वरचे खलाशी कठड्याला धरून हसले. माझी त्यात काय चूक, हे मला तेव्हा कळले नाही आणि खरे सांगायचे तर आजही कळत नाही.

शहाता मात्र हिरमुसले नाहीत. त्यांनी एक युक्ती काढली. माल विकून झाला की ते मला टोपलीत ठेवत आणि एका शब्दावर खूण करून वर पाठवत. वरचा खलाशी तो शब्द मोठ्याने वाचून दाखवी. खाली शहाता कान देऊन ऐकत आणि टोपली परत आली की माझ्या कोऱ्या कडेवर तो आवाज अरबी अक्षरांत पेन्सिलीने लिहून ठेवत. शेजारी जहाजाचा इवलासा झेंडा काढत. पेन्सिल ते इतकी दाबून धरत की मागच्या पानावर उठाव येई.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते! आता मलाही आवाज फुटला होता. पण झाले भलतेच. मला वाटले होते की एका शब्दाला एक आवाज मिळेल आणि मी पुरा होईन. ग्लासगोच्या कप्तानाने शब्द एका तऱ्हेने म्हटला, पिरेअसच्या ग्रीक तांडेलाने दुसऱ्या, मनिलाच्या पोराने तिसऱ्या. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला इंग्रज 'बॉय' म्हणाला, तर अमेरिकन 'बूई'. दोघेही आपलेच खरे म्हणून इतके अडून बसले की मी त्यांच्यामध्ये टोपलीत लोंबकळत राहिलो. शहातांनी दोन्ही लिहून घेतले, दोन झेंडे काढले आणि निवांत चहा प्यायले. गोंधळ सगळा माझ्या वाट्याला आला.

शेजारच्या होडीवर बुरई नावाचे दुसरे बंबूती होते. त्यांना या उद्योगाची भारी गंमत वाटे.

"शहाता भाऊ, लोक समुद्रातून मासे पकडतात, तुम्ही शब्द पकडता. तळून लागतात कसे?"

"लिंबू पिळून खाऊन बघा एकदा."

"पण मला सांगा, या सगळ्या आवाजांतला बरोबर कुठला?"

"जो समोरच्या जहाजाला कळतो तो," शहाता म्हणत. "ग्रीकाशी ग्रीकासारखं बोलावं, स्कॉटिशाशी स्कॉटिशासारखं. शब्द नुसता हवेत कोणी सोडतं का? कुठल्या तरी जहाजाला सांगायचा असतो तो."

एकदा तर मी हरवलोच होतो. तुमच्या रत्नागिरीकडचा दाऊद मुकादम नावाचा एक सारंग एका जहाजावर होता. पांढरी दाढी, पोलादासारखे हात. शहातांनी मला 'बोसन'च्या पानावर खूण घालून वर पाठवले. त्याने पान लांब धरून पाहिले आणि मोडक्या अरबीत ओरडून सांगितले, "लिहिलंय काय ते देव जाणे! साहेब बोसन म्हणतो, आम्ही सारंग म्हणतो. पण हाक मारली की येतो मीच!" एवढ्यात भोंगा झाला, कालव्यात रांगेने शिरायची जहाजे हलली, दोर तुटला आणि मी मुकादमांच्या हातात राहून गेलो. शहातांची होडी लहान लहान होत गेली. मी कालव्यातून पार सुएझला पोचलो. मला वाटले, संपले आपले. पण मुकादमांनी मला तिथल्या एका बंबूतीच्या टोपलीत ठेवले आणि वर माझ्या मेणकापडाला गाठ मारून दिली. होडीहून होडी, हातून हात करत पाचव्या दिवशी मी शहातांच्या घरी आलो आणि मुकादमांचा 'सारंग' त्यांनी लगेच माझ्या कडेवर लिहून घेतला. सगळ्या बंदरात माझी वाहवा झाली. नफीसाने माझ्या पाठीला शिडाच्या कापडाची पट्टी शिवली ती तेव्हाची.

मग युद्ध झाले. कालव्यात जहाजे बुडाली आणि तो आठ वर्षे बंद पडला. शहर रिकामे करावे लागले. शहाता, नफीसा आणि त्यांची लहानगी लेक इन्शिराह मन्सूराजवळच्या एका गावी नफीसाच्या भावाकडे राहायला गेली. तिथे शेते होती, म्हशी होत्या, पण समुद्र नव्हता. माझ्या पोटात तीन शब्द एकमेकांचे भाऊबंद आहेत. जहाज फुटल्यावर आपोआप तरंगत राहतो त्या मालाला 'फ्लॉट्सम' म्हणतात. जहाज हलके करायला माणसांनी आपल्या हाताने फेकलेला तो 'जेट्सम'. आणि परत येऊन शोधता यावा म्हणून खुणेचा दोर बांधून समुद्रात सोडलेला माल, त्याला 'लॅगन' म्हणतात. त्या गावात मी रोज विचार करी की मी या तिघांतला कोण? अर्थ तिन्ही मला पाठ होते आणि तरी उत्तर सुचत नव्हते.

तिथे नफीसाने मला मिशच्या मडक्यावर ठेवले. मिश म्हणजे खारवून मुरवलेले चीज. त्याचा वास एकदा लागला की जन्माचा सोबती. "इतक्या वर्षांत आज हे पुस्तक पहिल्यांदा कामाला आलं," ती म्हणायची. माझ्यावर बुरशी चढली. मला फार वाईट वाटे, पण बोलणार कोणाशी?

शहाताच मला दुपारी खाली काढत. इन्शिराहला मांडीवर घेत आणि म्हशींच्या गोठ्यासमोर बसून जहाजे बोलावत. "हं, आता ग्लासगो आलं! हाताचा भोंगा कर. जहाज उंच असतं, आवाज वर गेला पाहिजे." चार वर्षांची पोर उभी राही, तोंडाशी हात धरी आणि स्कॉटिश कप्तानासारखी आरोळी ठोके. मग ग्रीक, मग मनिला, मग रत्नागिरीचे मुकादम. म्हशी मान वर करून बघत. समुद्र न बघता ती पोर सगळ्या जहाजांचे आवाज शिकली. मी मधूनच एखादे पान उलटून घेई, इतकेच माझे काम.

कालवा पुन्हा सुरू झाला. आम्ही पोर्ट सैदला परतलो. शहाता पुन्हा होडीवर गेले, पण नवी जहाजे उंच होती आणि घाईत होती. कठड्याशी थांबून एखादा शब्द वाचून दाखवायला कोणाला वेळ नव्हता. त्यातच शहातांच्या डोळ्यांपुढे धुके येऊ लागले. डॉक्टर म्हणाले की गेलेली नजर आता परत येणार नाही. होडी बुरईंकडे गेली. शहाता दिवसभर लाकडी सज्जात बसून राहू लागले. नुसता भोंगा ऐकून ते सांगत, "हे जुनं आहे, याचा घसा बसलाय" किंवा "हे रिकामं निघालंय." त्यांचे सगळे जग आता कानांत उरले होते.

घर चालेना तेव्हा नफीसाने विषय काढला.

"इन्शिराहचे बाबा, दादाचा निरोप आलाय. ईदपर्यंत या म्हणतो. खोली देतोय."

"तिथे ऐकायला काय आहे?"

"जेवायला आहे."

शहातांनी तोंड समुद्राकडे वळवले. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं." ते ज्या आवाजात म्हणाले, तो माझ्या कुठल्याच पानावर लिहिलेला नव्हता.

इन्शिराह तेव्हा वीस वर्षांची होती. तिने त्याच आठवड्यात बातमी आणली. बंदरात एक नवी जहाज-कचेरी उघडली होती आणि बिनतारी यंत्रावरून जहाजांशी इंग्रजीत बोलायला त्यांना माणूस हवे होते. "मला घेतलं तर आपण इथेच राहायचं," ती म्हणाली. नफीसा म्हणाली, "घेतलं तर राहू. नाही तर ईदच्या आधी सामान बांधायचं, मग रडायचं नाही." असा करार झाला. आणि मुलाखतीला जाताना इन्शिराहने मला पिशवीत घातले. शकुनाला म्हणून असेल, की आधाराला म्हणून, मला ठाऊक नाही.

कचेरीचे प्रमुख रऊफ बे, म्हणजे तुमच्याकडचे रऊफ साहेब, दोन वर्षे लिव्हरपूलला राहून आलेले, परीटघडीचे गृहस्थ होते. त्यांनी अवघड शब्दांची एक यादी काढली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवले. तो नेमका 'बोटस्वेन' होता! मी तिच्या मांडीवर होतो. मला वाटले, जिंकलो आपण.

"हा वाच," रऊफ बे म्हणाले.

इन्शिराहने यादीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "कुठल्या जहाजाला सांगायचाय, साहेब?"

"जहाजाला? मला सांग."

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर इथेच बसलाय."

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. रऊफ बेंच्या कपाळावर आठी चढली. इन्शिराह गडबडली. साहेब नाराज का झाले ते तिला उमगेना, म्हणून तिने तिच्या मते अगदी पुरे उत्तर द्यायचे ठरवले. ती उभी राहिली, तोंडाशी हाताचा भोंगा केला आणि बापाने शिकवल्याप्रमाणे, उंच डेकवर पोचेल अशा आवाजात, ग्लासगोचा 'बोसन' ठोकला. मग पिरेअसचा. मग मनिलाचा. मुकादमांचा तर दाढीसकट. टेबलावरच्या चहाच्या पेल्याला कंप सुटला. शेजारच्या खोलीतली माणसे दारात येऊन उभी राहिली.

"बस, बस, बस!" रऊफ बे म्हणाले. "अगं, ही कचेरी आहे, होडी नाही! मला एक मुलगी हवी होती, तू अख्खी गोदी घेऊन आलीस."

तिचे डोळे भरून आले. रऊफ बे वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, चुकली नाहीस तू. पण यंत्रावर असं चालत नाही. एक शब्द, एक उच्चार. नीट, सरळ, मी लिहून देतो तसा. ते बाकीचं सगळं डोक्यातून काढून टाक. पुढच्या शनिवारी ये."

मित्रांनो, चुकली नाही आणि तरी काढून टाक, हे कसे? मी अजून विचार करतो आहे.

घरी आल्यावर इन्शिराहने खोडरबर आणले. बाप सज्जात बसलेला, ती त्याच्या मागे दाराशी, मी तिच्या मांडीवर. पहिला पुसला गेला तो मनिलाचा झेंडा. मग ग्रीक. एका शब्दाचे चार आवाज होते, तिथे एक ठेवून बाकीचे ती घासून काढू लागली. डोळ्यासमोर दिसले की जिभेवर येतात, म्हणून दिसायलाच नकोत, असा तिचा हिशेब. ती रडत होती आणि घासत होती. मला दुखले का? मला सांगता येणार नाही. एका बाजूने मी उजळ होत होतो, छापखान्यातून निघालो तसा. सगळा गोंधळ कमी होत होता, आणि तोच तर मी इतकी वर्षे मागत होतो. मग माझा जीव असा का तुटत होता?

खर्र, खर्र असा आवाज शहातांच्या कानावर गेलाच.

"काय करतेयस पोरी?"

तिचा हात थांबला. "बुरशी पुसतेय, बाबा. गावाकडची."

"हं." शहाता समुद्राकडे तोंड करून बसले होते. "पूस. पण जपून. पानं म्हातारी झालीत." थोड्या वेळाने म्हणाले, "बरीच बुरशी दिसतेय."

ती पुन्हा घासू लागली. पाच दुपारी हे चालले. रत्नागिरीच्या मुकादमांपाशी येऊन ती खूप वेळ थांबली. मग तेही पुसले.

शनिवारी मी घरीच राहिलो. ती नोकरी घेऊन आली. आमच्याकडच्या बायका शुभप्रसंगी करतात तसा जिभेचा लांब कडकडाट करून नफीसाने आनंद जाहीर केला, शेजाऱ्यांना सरबत वाटले आणि भावाला निरोप धाडला की आम्ही येत नाही. शहातांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता भोंगे ऐकू येतील मला," इतकेच म्हणाले. मला एका फळीवर ठेवून देण्यात आले. माझे काम आता सरले होते.

बुरईंच्या दुकानात एक जुने यंत्र होते, त्यावर जहाजांचे बोलणे ऐकू येई. शहाता काठी टेकत रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागले. काय वाटले कोण जाणे, एक दिवस त्यांनी मला फळीवरून चाचपून काढले आणि काखेत मारले. तेव्हापासून मीही रोज ऐकू लागलो. यंत्रातून इन्शिराहचा आवाज येई. नीट, सरळ, एका शब्दाचा एकच उच्चार. सगळ्या जहाजांना सारखाच.

"पोरगी छान बोलते हो," बुरई म्हणत.

"छान बोलते," शहाता म्हणत. मला ते मांडीवर ठेवत, पण उघडत नसत.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी दाट धुके पडले होते. एक जुने मालवाहू जहाज बंदराबाहेर उभे होते आणि इन्शिराह त्याला सांगत होती की तुमच्या बोसनला फोक्सलवर उभे करा, बंदराची होडी आडोशाच्या बाजूने येते आहे. पलीकडून उत्तर आले, "पुन्हा सांगा." तिने पुन्हा तसेच सांगितले. "पुन्हा सांगा." तिसऱ्यांदाही तेच. धुक्यात होडी निघालेली होती आणि जहाजाचे माणूस जागेवर नव्हते. बुरईंनी हातातली जाळी खाली ठेवली. शहातांची बोटे माझ्या पाठीवर घट्ट झाली.

यंत्रात क्षणभर नुसती खरखर होती. मग इन्शिराहचा आवाज आला, "जहाज कुठलं? खलाशी कुठले?"

उत्तर आले. खलाशी मुकादमांच्याच किनाऱ्याचे होते.

आणि मग मित्रांनो, ती बोलली! तोंडाशी हात धरल्यासारखी, उंच डेकला हाक मारावी तशी. जो आवाज तिने माझ्या कडेवरून सगळ्यात शेवटी पुसला होता, तोच आवाज, तसाच लांबवलेला, मुकादमांच्या दाढीसकट. सारंगला जहाजाच्या पुढच्या टोकाला उभे करा, होडी येतेय, लवकर! पलीकडून कोणी तरी आनंदाने ओरडले, "कळलं बाई, कळलं! सारंग निघाला पुढे!" मागून रऊफ बेंसारखा कोणी तरी काही तरी बोलला, पण त्याचा अर्थ लागायच्या आत खरखर वाढली.

 शहातांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांनी मला उघडले, अर्थात उलट्या बाजूने, पानांच्या कडा मोजत 'बोटस्वेन'पाशी आले आणि कोऱ्या कडेवरून तर्जनी हळूहळू फिरवली. मी श्वास धरून राहिलो. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची खोड! रबराने काळेपणा गेला होता, खाचा तशाच होत्या. बोट एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्यावर गेले. ग्लासगो. पिरेअस. मनिला. रत्नागिरी.

"बुरई," ते म्हणाले, "टोपली परत आली रे."

दुपारी इन्शिराह घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. साहेब रागावले की नाही, हे तिलाच नीट कळले नव्हते. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "उद्या वेळेवर ये." हा दम होता की शाबासकी? आम्ही कोणीच सांगू शकलो नाही. पण दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि तिसऱ्याही.

त्या दुपारी मात्र ती बापापुढे येऊन मान खाली घालून बसली. सांगायचे होते, पण शब्द फुटत नव्हता. माझ्यात इतके शब्द, आणि एकही तिच्या उपयोगी पडला नाही. शहातांनी मला तिच्या हातात दिले, तिचे बोट धरले आणि त्या खाचांवर ठेवले.

"पोरी," ते म्हणाले, "बुरशी परत आलीय बघ."

ती बापाच्या गुडघ्यावर डोके टेकून हुंदके देऊन रडली, आणि मधूनच हसली. मग उठून तिने पेन्सिल आणली. खाचांतूनच पेन्सिल फिरवत तिने पुसलेले सगळे पुन्हा लिहायला घेतले. धुक्यातल्या त्या जहाजाच्या नव्या झेंड्याला जागा कमी पडली, तेव्हा माझ्या पाठीवरच्या शिडाच्या कापडावर तो काढला. आता मी पूर्वीपेक्षाही जास्त गिचमिड झालो आहे. मी फेकलेला माल नव्हतो, दोर बांधून सोडलेला होतो, एवढे एक मात्र मला कळले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने पुस्तक असेल. त्याच्या कडेला कोणाच्या तरी हातची पेन्सिल असेल, कदाचित चुकीची, कदाचित चार तऱ्हांची. ते पुसू नका. त्याला मडक्यावर झाकण म्हणून ठेवू नका. आणि पुसायची वेळ आलीच, तर आधी ते मोठ्याने म्हणून घ्या. मी तर आज इतका म्हातारा झालो तरी बरोबर उच्चार कोणता ते मला ठरवता आलेले नाही. तेव्हा मला तसे काही विचारायला आलात, तर रागावू नका. मी आधी तुम्हालाच विचारीन, "कुठल्या जहाजाला सांगायचाय?"